पिंगळे बाईंचं सोबर

पिंगळे बाई भूगोल शिकवायच्या. पण आमच्या कन्याशाळेतल्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा, पिंगळे बाईंकडून तुम्ही काय शिकलात, तर ती भूगोलाचं नाव घेणार नाही. आम्ही सगळ्या त्यांच्याकडून 'सोबर' शिकलो.

हा शब्द मूळचा इंग्रजी. तिकडे त्याचा पहिला अर्थ 'दारू न प्यालेला' असा आहे, हे मला फार उशिरा कळलं, आणि आमचा अख्खा स्टाफ डोळ्यांसमोर उभा राहून मी वर्गातच हसत सुटले. आमच्याकडे सोबर म्हणजे बिस्किटी, राखाडी, मातकट, शेवाळी. फार तर फिका आकाशी, तोही दोनदा धुतल्यावर. मरून ही सोबरची शेवटची हद्द. मरूनच्या पलीकडे लाल, राणी, पोपटी असा परमुलूख लागायचा, आणि तिथे बाईमाणसानं, त्यातून शिक्षिकेनं, पाऊल टाकायचं नाही असा पिंगळे बाईंचा कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती, बाई रोज हजर असायच्या.

त्या पंचवटीत राहायच्या आणि पूल ओलांडून चालत शाळेत यायच्या. उंच, काटक, गळ्यात साखळीला लटकणारा चष्मा. स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून आधी तो चष्मा डोळ्यांवर चढवायच्या आणि आम्हाला चपलेपासून वर बघत यायच्या. मग निकाल लागायचा. "सोबर आहे" म्हणाल्या की दिवस चांगला. "बरा आहे" म्हणाल्या की तो कपडा पुन्हा शाळेत आणायचा नाही. आणि त्याहून खाली एकच पायरी होती. बाई चष्मा काढायच्या, पदराला पुसायच्या आणि अगदी प्रेमानं विचारायच्या, "कुणाच्या लग्नाला चाललीस गं?"

मी मनमाडहून रोज रेल्वेनं जायची-यायची. बाईंनी माझं नावच 'मनमाड' ठेवलं होतं. "काय मनमाड, आज गाडी वेळेवर?" असं विचारता विचारता त्या माझ्या पदराची किनार बोटांत धरून कापड जोखायच्या. उत्तर ऐकायला थांबायच्या नाहीत.

नव्वदीच्या मध्यावर कॉलेज रोडला 'सुरंगी' निघालं. बायकांच्या तयार कपड्यांची साखळी. पुण्याला दुकानं होती, आता नाशकात. फार महाग नाही, फार स्वस्त नाही. काचेत मुंडकी नसलेल्या बाहुल्या आणि त्यांच्या अंगावर पंजाबी ड्रेस. आमच्या स्टाफरूमचं पहिलं मत दुकान न बघताच तयार झालं: रेडीमेड म्हणजे एका धुण्याचं. "ज्यांना शिंपी मिळत नाही त्यांच्यासाठी ते," पिंगळे बाई म्हणाल्या. आमच्या सगळ्यांचे शिंपी आमचे ब्लाउज वर्षानुवर्षं बिघडवत होते, पण शिंपी असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे हे आम्हाला त्या दिवशी समजलं.

पंचाईत अशी झाली की त्याच वर्षी शाळेच्या कमिटीनं शिक्षिकांना पंजाबी ड्रेसची परवानगी दिली. अट एकच, ओढणी दोन्ही खांद्यांना पिनेनं लावलेली हवी. परवानगी मिळाली, पण कोणी घालेना. पिंगळे बाई काय म्हणतील? आम्ही महिनाभर साड्याच नेसत राहिलो, आणि स्कूटरवर बसताना निऱ्या सांभाळत बाईंच्या तोंडाकडे बघत राहिलो.

शेवटी बाई स्वतःच म्हणाल्या, "बघून तरी येऊ. घ्यायचं नाही." पाहणीला मला बरोबर घेतलं, कारण माझ्या गाडीला वेळ होता. त्यांचे मिस्टरही होते. हा सज्जन माणूस कुठल्याही दुकानात शिरला की आधी स्टूल शोधायचा, आणि निघायची वेळ होईपर्यंत त्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचा. त्यांचं मत कधी कुणी विचारलं नाही आणि त्यांनी ते दिलंही नाही.

काउंटरवर सुरेशभाऊ म्हणून मॅनेजर होते. त्यांनी एक ड्रेस उलगडला. "मॅडम, हा बघा. कॉफी कलर."

बाईंनी ड्रेस उचलला आणि सरळ दुकानाबाहेर चालू लागल्या. सुरेशभाऊ घाबरून मागे धावले. बाई फुटपाथवर उभ्या राहिल्या, ड्रेस उन्हात धरला. ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नव्हता. समोर एक रिक्षावाला बिडी ओढत बसला होता.

"ओ दादा, हा रंग कोणता?"

त्यानं नीट निरखून पाहिलं. "चॉकलेटी हाय ना मावशी."

"ऐकलंत?" बाई सुरेशभाऊंकडे वळल्या. "कॉफी म्हणे!"

आणि त्यांनी तो ड्रेस घेतला. दुसऱ्या दिवशी त्या चॉकलेटी ड्रेसमध्ये स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या, आम्हा सगळ्यांकडे बघितलं, आणि आमच्या वतीनं निकाल स्वतःच सांगितला, "सोबर आहे." तिसऱ्या दिवशी ड्रेस बदलून आणायला गेल्या, कारण उजवी बाही डावीवर रुसल्यासारखी दिसत होती.

बदलून आणणं हा त्यांचा खरा छंद. सुरंगीतून त्यांनी नेलेला एकही कपडा पहिल्या फेरीत घरी टिकला नाही. बदलून देतात म्हणून सुरंगी चांगलं, आणि चांगलं असूनही बदलावं लागतं म्हणून आपण दक्ष. पुढे पुढे सुरेशभाऊ त्यांना लांबून बघितल्याबरोबर पाणी मागवायचे. ते बाईंसाठी की स्वतःसाठी, हे मला नक्की सांगता येणार नाही.

त्यानंतरची काही वर्षं सुरंगीची होती. आमचं मत असं बदललं की जणू आम्ही जन्मतःच सुरंगीच्या. "धुवून धुवून मी थकले, रंग हलत नाही." "शिवण बघ, आतूनसुद्धा बाहेरच्यासारखी." धाग्याचे बंद असलेल्या त्यांच्या जाड कागदी पिशवीतून पोळी-भाजीचे डबे शाळेत येऊ लागले. लग्नाच्या आहेरात मेन रोडचा स्वस्तातला ड्रेसपीस सुरंगीच्या पिशवीत घालून द्यायची पद्धत पडली. घेणारीही आत काय आहे ते माहीत असून पिशवीकडेच बघायची. एकदा स्नेहसंमेलनाला आम्ही चौघी-पाचजणी एकाच शेवाळी ड्रेसमध्ये आलो. बघताच सगळ्यांची तोंडं उतरली. पण प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, "या शाळेत शिक्षिकांनाही गणवेश आहे, ही शिस्त मला फार भावली." पिंगळे बाईंनी मागे वळून आमच्याकडे असं काही बघितलं की जणू ती शिस्त त्यांनी स्वतः शिवून आणली होती.

मग माझ्या मनमाडला सुरंगीचं दुकान निघालं.

मी खुशीत ही बातमी घेऊन स्टाफरूममध्ये गेले. पेढेच आणायचे बाकी होते. बाईंनी चष्मा काढला. "संपलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "आता जंक्शनवर मिळणार. चहाबरोबर."

स्टाफरूम खदखदून हसली. मीही हसले, पण राग आला होता. आणि त्या दिवसापासून चमत्कार झाला. कालपर्यंत न हलणारे रंग पाण्यात उतरू लागले. आतूनसुद्धा बाहेरसारख्या असणाऱ्या शिवणी उसवू लागल्या. "पहिल्यासारखं कापड राहिलं नाही," हे वाक्य इतक्या तोंडांतून इतक्या वेळा आलं की मला वाटलं, कुणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलंय. कापड तेच होतं. फक्त ते आता मनमाडच्याही अंगावर दिसणार होतं, हा त्याचा दोष.

मी एक केलं. मनमाडच्या दुकानातून एक राखाडी ड्रेस घेतला आणि कॉलेज रोडच्या जुन्या पिशवीत घालून शाळेत आणला. बाईंनी बाही बोटांत धरली. डोळे मिटले. "हा आपला कॉलेज रोडचा," त्या म्हणाल्या. "कापडच सांगतं. मनमाड, तू तिकडचं घेऊ नकोस हं." मी म्हटलं, नाही घेणार. माझ्या नोकरीच्या सगळ्या काळात एवढं समाधान मला दुसऱ्या कशानं मिळालेलं नाही.

पण बाईंना नुसतं हसून सोडून देता येत नाही, याचं कारण रोहिणी.

रोहिणी गांगुर्डे सुरगाण्याकडची. डी.एड. करून आमच्याकडे नवी लागली आणि पहिल्याच दिवशी पोपटी ड्रेस घालून आली. पोपटी म्हणजे असा पोपटी की फळ्यावरचं दिसेना. बाईंनी चष्मा काढला, पुसला.

"कुणाच्या लग्नाला चाललीस गं?"

रोहिणीला टोमणा कळलाच नाही. "नाही बाई, शाळेतच आले," ती म्हणाली. "आमच्याकडं हाच रंग आवडतो. लांबून दिसतो ना, डोंगरात."

कुणी हसलं नाही. बाईंनी चष्मा परत घातला आणि खिडकीकडे बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात रोहिणी बिस्किटी ड्रेसमध्ये आली, सुरंगीचा, नवा कोरा. कुणीतरी तिला समजावलं असणार. त्या ड्रेसमध्ये ती आजाऱ्यासारखी दिसत होती. बाई म्हणाल्या, "सोबर आहे," आणि मला पहिल्यांदा त्या शब्दाची चीड आली.

त्या दुपारी आमच्या जुन्या सुपरवायझर देशमुख बाई, ज्या त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या, चहा पिताना रोहिणीला आणि मला म्हणाल्या, "पिंगळेवर रागावू नका. ती इथे लागली ना, तेव्हा पहिल्या दिवशी राणी कलरची साडी नेसून आली होती. नुकतंच लग्न झालेलं. काय सुंदर दिसत होती! तेव्हाच्या मोठ्या बाईंनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, 'पिंगळे, कुणाच्या लग्नाला चाललात?' दुसऱ्या दिवसापासून ही बिस्किटी."

मी विचारलं, "आणि ती साडी?"

"कुणास ठाऊक. उशांच्या खोळी केल्या असतील."

मला बाईंची दया आली, आणि त्याहून जास्त रागही आला. ज्या वाक्यानं आपल्याला पार फिकं करून टाकलं तेच वाक्य उचलून ही बाई इतकी वर्षं आम्हाला फिकं करत होती.  रोहिणी नुसती बिस्किटी बाहीवरून हात फिरवत बसली.

पुढे दोन हजार साल उलटलं आणि सुरंगीवर एक नवीनच आरोप आला. कॉलेजच्या मुली त्याला 'काकूबाई' म्हणू लागल्या. आमच्याच माजी विद्यार्थिनी काचेसमोरून जाताना म्हणायच्या, "इथे तर बाईंचे ड्रेस मिळतात." सुरंगीवाल्यांनी घाबरून दुकान नवं केलं. बाहुल्यांना मुंडकी आली, त्या मुंडक्यांवर गॉगल आले. आत गाणी लागली. सुरेशभाऊंच्या जागी पुढे तरण्या पोरी उभ्या राहिल्या आणि "हॅलो मॅम" म्हणू लागल्या. सुरेशभाऊंना मागे हिशेबाला बसवलं.

बाई नव्या दुकानात गेल्या तेव्हाही मी होतेच. एका पोरीनं एक कुर्ता दाखवला.

"याच्या बाह्या कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"मॅम, बाह्या आत पिशवीत दिल्यात. हव्या तर लावून घ्यायच्या."

बाईंनी कुर्त्याच्या आत टाचलेली छोटी प्लास्टिकची पिशवी उचलून धरली. आत दोन बाह्या घडी घालून ठेवलेल्या. "उरलेला कुर्ताही पिशवीतच द्यायचा होता," त्या म्हणाल्या. "ज्याला हवा तो लावून घेईल."

पोरगी गोड हसली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. उन्हात न्यायला कुणी ड्रेस देईना. दाराशी सुरक्षारक्षक होता, त्याला बिल दाखवावं लागे. बाई रिकाम्या हातानं फुटपाथवर आल्या. मिस्टर पिशवी घेऊन मागे. मला वाटलं, आता काही झणझणीत ऐकायला मिळेल. त्या म्हणाल्या, "चल, तुझी गाडी चुकेल."

त्यानंतर बाईंचे निकाल चालूच राहिले, पण ऐकणारी माणसं कमी झाली. नव्या शिक्षिका मॉलमधून जीन्सवर घालायच्या कुर्त्या आणू लागल्या. त्यांना कुणाचं मत नको होतं. बाई दारात उभ्या राहून चष्मा घालायच्या, आणि मुली मोबाइलमधून मान वर न काढता "गुड मॉर्निंग मॅम" म्हणायच्या. 'सोबर आहे' हा शब्द हवेत तसाच राहायचा. ज्या बाईची सगळी मिजास एका शब्दावर चालली होती, तिचा तो शब्द कुणी घेईना. हे बघताना मला गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा भेटीचा प्रश्न आला. साडी सगळेच देतात, म्हणून सुरंगीचा ड्रेस ठरला. खरं तर स्टाफपैकी आता फारसं कुणी तिकडून काही घेत नव्हतं. सगळ्यांचं मत एकच होतं: "आपल्यासाठी नाही, पण पिंगळे बाईंसाठी ठीक." निवडायला आम्ही चौघीजणी गेलो. रोहिणीनं एक ड्रेस उचलला. राणी. असा राणी की त्याच्याजवळचे दोन ड्रेस फिके पडले.

"हा बाईंना घेऊ या," ती म्हणाली.

बाकीच्या दोघी इतक्या हसल्या की काउंटरवरची पोरगीही हसली. "त्यांना? अगं, त्या चष्मा पुसतील!" मी रोहिणीकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. देशमुख बाईंची गोष्ट आम्हा दोघींनाच माहीत होती. पण आम्ही दोघी, त्या दोघी, आणि निरोप समारंभ उद्या. आम्ही राखाडी ड्रेस घेतला. बरोबर बिल ठेवलं, बदलून घ्यायला.

समारंभात बाईंनी खोकं उघडलं, ड्रेसच्या कापडाला बोटं लावली आणि माइकसमोर म्हणाल्या, "सोबर आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाषणांत सोबर हा शब्द इतक्यांदा आला की माझ्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांनी मला हळूच विचारलं, "बाई पूर्वी पीत होत्या का?"

त्याच आठवड्यात मी गाडीला वेळ होता म्हणून सुरंगीत शिरले. काउंटरवर बाईंचा आवाज.

"बिलावर लिहिलंय, बदलून मिळेल. वाचता येतं ना?"

"मॅम, सेलमधला माल—"

"सेलमधला नव्हता. माझ्या स्टाफनं पूर्ण भावानं घेतलाय. बोलव सुरेशभाऊंना."

मागून सुरेशभाऊ चष्मा सावरत आले. केस पांढरे झाले होते. बाईंना बघून ते इतके खुश झाले की पाणी मागवायचंही विसरले. "बदलून द्या बाईंना," ते पोरीला म्हणाले, "यांना नाही म्हटलं तर दुकान बंद पडायचं."

राखाडी ड्रेस काउंटरवर पडला होता. बाईंच्या हातात राणी होता. मी थांबले. पोरीनं बिल फाडता फाडता गोड आवाजात विचारलं, "कुणाच्या लग्नाला घालायचाय का काकू?"

 बाईंनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "भाजी आणायला."

मग मी दिसले. त्या जराही ओशाळल्या नाहीत. "मनमाड," त्या म्हणाल्या, "शाळेत कुणी विचारलं तर मरून सांग." स्टुलावर बसलेल्या मिस्टरांनी पिशवी उघडून धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न विचारता मत दिलं. "छान आहे," ते म्हणाले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

शाळेत मी मरूनच सांगितलं. रोहिणीला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पोपटी घालून आली.

बाईंना मी शेवटचं बघितलं ते पंचवटीच्या भाजीबाजारात. एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते, तिथून परतताना. बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या, वांग्यांचे ढीग, दुचाक्यांचे हॉर्न, आणि या सगळ्यात लांबूनसुद्धा दिसणारा तो राणी रंग. रोहिणीचं डोंगराबद्दलचं बोलणं आठवलं. बाई एका भाजीवाल्याशी मेथीवरून वाद घालत होत्या. ओढणीला एकही पिन नव्हती. ती एका खांद्यावरून सुटून मेथीच्या जुडीत गेली होती आणि त्यांना पर्वा नव्हती.

"बाई!" मी हाक मारली.

त्या वळल्या. केस सगळे पिकलेले, चेहरा लालबुंद. साखळीला लटकलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला चपलेपासून वर बघत आल्या. मी सुरंगीचाच ड्रेस घातला होता. बिस्किटी, दोन वर्षांपूर्वीचा, चांगला टिकलेला. बाईंनी त्याची बाही बोटांत धरली. मी सवयीनं जीव मुठीत धरून उभी राहिले.

"सोबर आहे," त्या म्हणाल्या.

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्यांनी शिवीसारखा वापरला होता. त्या परत मेथीकडे वळल्या, आणि मी त्या बिस्किटी ड्रेसमध्ये भर बाजारात तशीच उभी राहिले.